एकसष्टावा दिवस

"आ करा. आणखी. हां, आता हलू नका," डॉक्टर विजयमाला मॅडम म्हणाल्या आणि छोटा कॅमेरा फुलचंदच्या गालाच्या आत गेला. समोरच्या टीव्हीवर गाल दिसला. गुलाबी, जवळजवळ स्वच्छ.

"मुजफ्फरभाई, यांचा एप्रिलचा फोटो शेजारी लावा. मेच्या बिघाडातून वाचला असेल तर."

मी कीबोर्डवर उगाच चार बटणं दाबली. वाचलेला नाही, हे मला पाच महिन्यांपासून माहीत होतं.

आमचा यवतमाळचा दवाखाना एका ट्रस्टचा. खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली सुपारी-तंबाखू, खाऊन खाऊन ज्यांचं तोंड उघडेनासं होतं अशी माणसं इथे येतात. मॅडम कुणाला उपदेश करत नाहीत. गालातला पांढरा चट्टा फोटोत पकडतात, टीव्हीवर मोठा करून दाखवतात आणि म्हणतात, "सहा महिन्यांनी या. दोन्ही फोटो शेजारी लावू, मग तुम्हीच बोला." त्या दुसऱ्या फोटोसाठी लोक खर्रा सोडतात. मी स्वतः कधी सुपारीही खाल्ली नाही, म्हणून सोडणं म्हणजे काय ते मला कळायला वेळ लागला.

फुलचंद कळंब-यवतमाळ जीप चालवतो. एप्रिलमध्ये आला तेव्हा एकटाच होता. टीव्हीवरचा आपला चट्टा बघून खुर्चीतून उठला. मग शर्टाच्या खिशातून रबर लावलेली खर्ऱ्याची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"हा शेवटचा. तुमच्यापाशी ठेवजा. दुसऱ्या फोटोच्या दिवशी मले दाखवजा."

मी हसलो, पुडीवर मार्करनं तारीख टाकली आणि ती ड्रॉवरमध्ये भिरकावली. असे शूरवीर मी पुष्कळ पाहिले होते.

आता माझी करामत सांगतो. मी मूळचा टीव्ही रिपेअर करणारा. शिकत शिकत दवाखान्याच्या कंप्युटरांपर्यंत आलो. गेल्या डिसेंबरात ट्रस्टनं एक सर्व्हर घेतला. एका घरात तीन भाडेकरू ठेवावेत तशी त्या एका मशीनमध्ये तीन मशिनं चालवायची होती: एक केसपेपरचं, एक औषधांचं, एक फोटोंचं. ती चालवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि विकतही मिळतं. कंपनीच्या साइटवर दोघांची तुलना होती. विकतच्या रकान्यात सगळीकडे बरोबरच्या खुणा, फुकटच्या रकान्यात बऱ्याच फुल्या. अडचण आली तर कंपनीची मदत नाही, अनेक सर्व्हर एका जागेवरून सांभाळता येणार नाहीत, एका मशीनला ठरावीकच ताकद देता येईल. आमचं त्यावाचून काही अडत नव्हतं. पण एक फुली अशी होती, की रोज आपोआप बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर फुकटच्याला जोडताच येणार नाही. ती ओळ मी वाचली होती. दोनदा वाचली होती.

"फरक काय दोघांत?" मॅडमनी तेव्हा विचारलं होतं.

"काही खास नाही मॅडम. थोडं इकडंतिकडं."

पहिले साठ दिवस कंपनी सगळं वापरून बघायला देते. त्या दिवसांत बॅकअप चोख झाला. रोज सकाळी हिरवी खूण यायची. त्यातच सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदनानंतर आमचे ट्रस्टी भगवानराव यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइकवरून सांगितलं, "आमच्या मुजफ्फरनं सारं फुकटात बसवून देल्लं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी माझ्या बायकोनं, तमन्नानं, शाल उलगडून शेजारपाजारच्या बायकांना दाखवली.

फेब्रुवारीत साठ दिवस संपले. एकसष्टाव्या दिवशी सकाळी लाल खूण आली: बॅकअप झाला नाही. आता भगवानरावांकडे जाऊन कोणत्या तोंडानं म्हणणार होतो, की साहेब, विकतचंच घ्यावं लागेल? दोन रविवार मी मशीन बंद करून फोटो हातानं दुसऱ्या डिस्कवर उतरवले. तिसऱ्या रविवारी लग्न होतं. चौथ्या रविवारी कंटाळा आला. लाल खूण मात्र रोज यायची, नेमानं, सकाळी सातला. एके दिवशी तो निरोप येणंच मी बंद करून टाकलं. मनाला म्हणालो, पुढच्या आठवड्यात काहीतरी करू.

मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीतला कूलर बंद पडला आणि दोन दिवसांत सर्व्हरच्या दोन्ही डिस्क गेल्या, त्यांच्याबरोबर बॅकअप न झालेले सगळे फोटो. मॅडम हळहळल्या, भगवानराव म्हणाले, "या उन्हात माणसं टिकत नाहीत, मशीन काय टिकन!" सगळ्यांनी मला धीर दिला आणि मी तो निमूटपणे घेतला. त्याची लाज मला आजही वाटते.

"सापडून राह्यला का?" फुलचंदनं खुर्चीतूनच मान वळवली. आज त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बायकोला, शीलाला, सोबत आणलं होतं.

"याइच्या तोंडात काही होतं हे मले आजच समजून राह्यलं," शीला मॅडमना सांगत होती. "सहा महिने घरात नुसते खेकसत होते. जेवणावरून भांडण, पोराइवर राग. मी म्हणलं, याइले झालं तं काय झालं?"

"तुले भेव वाटंन म्हणून नाही सांगतलं," फुलचंद म्हणाला. "आता पाह्य नं डोळ्यानं. पहिला फोटो पाह्यशीन तं समजंन, मी काहून खेकसत होतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "उन्हाळ्यात मशीन बिघडलं. काही फोटो गेले. कुणाच्या हातातलं नव्हतं ते. पण तुमचं तोंड सुधारलंय, मी सांगते ना."

फुलचंदनं टीव्हीकडे पाहिलं. तिथे एकच गाल होता. दुसरी बाजू काळी.

"बरं," तो म्हणाला. "मंग जाऊ द्या."

त्यानं भांडण केलं असतं तर कदाचित मी गप्प राहिलो असतो. पण तो शर्ट सारखा करून उठायला लागला आणि मला राहवलं नाही.

"मॅडम, उन्हानं नाही गेलं ते. माह्यामुळं गेलं."

मग सगळं सांगितलं. फुकटचा रकाना, ती फुली, शाल, लाल खूण, बंद केलेला निरोप. सांगताना ड्रॉवर उघडला आणि पुडी टेबलावर ठेवली. "त्या दिवसाचं एवढंच उरलं माह्यापाशी."

शीलानं पुडी उचलली. आतला खर्रा वाळून दगड झाला होता. तिनं वरची तारीख वाचली. "सतरा एप्रिल? म्हंजे माह्या भावाच्या लग्नात सारे खात होते, तवाही नाही खाल्ला?"

"नाही," फुलचंद म्हणाला. मग माझ्याकडे वळला. आवाज चढला नव्हता. "भाऊ, रोज सकाळी जीपीत बसलो का हात खिशाकडं जाये. रोज मांगं घेतला. तुमच्याच्यानं रोजची एक चिठ्ठी वाचल्या नाही गेली?"



त्यानं बायकोच्या हातातली पुडी घेतली आणि परत माझ्यापुढे ठेवली. "राहू द्या तुमच्यापाशीच." दोघं निघून गेली.

मॅडम हातमोजे काढत होत्या. "फोटो गेलेले किती लोक अजून यायचेत?"

"चारशे अकरा."

"ते सगळे येतील आता. एकेक करून." त्या हात धुवायला वळल्या. "प्रत्येकाला तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार. मुजफ्फर, पुढचा पेशंट पाठवा."

मॅडम दवाखान्यात आल्यापासून त्यांनी मला कधी नुसतं मुजफ्फर म्हटलं नव्हतं.

मी दार उघडलं. बाकावरून बिस्मिल्लाबी उठल्या. हातात एप्रिलचा केसपेपर, पिशवीत घालून जपलेला. सलाम करून त्या सरळ खुर्चीत बसल्या, ओढणी सारखी केली आणि मॅडमची वाटही न बघता टीव्हीकडे बोट दाखवून हसल्या.

"बेटा, मेरा पैलेवाला फोटो लगा. मैंने छोड दी तंबाखू."

मी माझी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसलो.