डॉक्टर क्रुम्बासची मुलगी

लुडविक हान्झलिकच्या गालावर मी जितके व्रण चिकटवले, तितके एखाद्या लढाईतून आलेल्या शिपायाच्या अंगावरही नसतील. त्या वर्षांत लंडनच्या आसपासच्या सगळ्या स्टुडिओंत हेरगिरीचे विनोदी सिनेमे निघत होते. हिरो देखणा आणि बावळट, हिरॉइन आखूड झग्यातली आणि त्याच्यापेक्षा हुशार, आणि जग गिळायला निघालेला एक खलनायक. त्याची इंग्रजी जितकी मोडकी तितकं बरं. हा तिसरा माणूस म्हणजे आमचा लुडविक. मी ग्लेनिस, मेकअपवाली. दर सोमवारी त्याचं डोकं तासायचं आणि रोज सकाळी व्रण चिकटवायचा, हे माझं काम.

प्राग शहरात तो रंगभूमीवर प्रियकराच्या भूमिकांसाठी नामांकित होता. अठ्ठेचाळीस साली नाटक घेऊन लंडनला आला आणि तिकडे कम्युनिस्टांनी सरकार पालटलं. मित्रांनी निरोप धाडला, परत आलास तर थेट तुरुंगात जाशील. बायको मिलादा आणि तीन वर्षांची ब्लांका तिकडेच अडकल्या. पुढे नोकरी टिकवायची म्हणून मिलादाला घटस्फोट घ्यावा लागला. हे सगळं त्यानं मला एकदाच सांगितलं, डोळे मिटून, मी भुवया रंगवत असताना.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात तिकडचे निर्बंध सैल झाले आणि ब्लांकाचं पत्र आलं की ती येतेय. नर्सिंगचं शिक्षण नुकतंच संपलं होतं तिचं. लुडविकला आनंदानं धड बसवेना आणि भीतीनं जेवण जाईना.

"मी तिला पत्रांतून काय सांगत आलोय, माहितीये? मी इथे राजांच्या भूमिका करतो म्हणून."

"मग आता?"

"जग जिंकायला निघालेला माणूस म्हणजे राजाच की, ग्लेनिस!"

"हलू नका, व्रण वाकडा बसेल."

ती आली. गोरी, उंच, बापासारखीच मोठ्या नाकाची. आठवडाभर त्यानं तिला सुट्टीच्या वेळात बागा आणि संग्रहालयं दाखवली, स्टुडिओचं नाव काढलं नाही. मग एके दिवशी ती आपली आपणच बसनं येऊन फाटकावर उभी राहिली. पहारेकऱ्याला बापाचं नाव उच्चारता येईना. शेवटी तिनं खिशातला फोटो दाखवला.

"अरे, हे तर आमचे डॉक्टर क्रुम्बास!" तो म्हणाला. "जा आत. हौदात असतील."

होताच तो हौदात. त्या दिवशी सिनेमातला खलनायक डॉक्टर क्रुम्बास स्वतःच्याच सापळ्यात सापडून पिवळ्याधमक कस्टर्डच्या हौदात बुडतात, असा प्रसंग होता. दोर सुटला, लुडविक किंचाळत आत पडला, आणि वर आला तेव्हा समोर मुलगी उभी. टकलावरून कस्टर्ड ओघळतंय, व्रण हनुवटीवर लोंबतोय. ब्लांकानं तोंडावर हात धरला. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती हसू लागली. हसता हसता जमिनीवरच बसली.

लुडविकनं माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. "संपलं," म्हणाला. "बाप विदूषक निघाला."

पाठोपाठ ती आलीच. तिनं माझ्या हातातला टॉवेल घेतला, त्याच्या कानातलं कस्टर्ड पुसलं आणि हळू आवाजात त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" मी नंतर विचारलं.

"म्हणाली, आई सांगायची तुम्ही फार कडक, फार गंभीर. मी घाबरत घाबरत आले होते." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही म्हणते मला. अजून तुम्हीच."

मला ते बरोबर कळलं. इंग्रजांना नाही कळायचं, पण माझ्या वेल्श भाषेतही तू वेगळं आणि तुम्ही वेगळं. माझ्या आजोबांना आम्ही तुम्ही म्हणायचो आणि त्यांच्यापासून चार हात लांब बसायचो.

मग ती रोज येऊ लागली. इंग्रजी शिकली ती बापाचे संवाद ऐकून. भाजीवाल्याकडे जाऊन डोळे बारीक करत म्हणायची, "शहाण्या, आता तुझी सुटका नाही. चार टोमॅटो दे." तो बिचारा पाच द्यायचा.

ऑगस्टच्या एका सकाळी मी बसमध्ये होते. कुणाच्या तरी रेडिओवर बातमी लागली, प्रागच्या रस्त्यांवर रशियन रणगाडे शिरले.

नेमका त्याच दिवशी सेटवर प्लायवूडचा रणगाडा उभा होता. त्यावर चढून डॉक्टर क्रुम्बासनं विजयाचं भाषण ठोकायचं होतं. लुडविक वेळेवर आला, वेशात तयार झाला आणि रणगाड्यासमोर येऊन नुसता उभा राहिला. ब्लांका माझ्या शेजारी होती.

रॉडनी फिंच, आमचा दिग्दर्शक. एरवी सेटवर नुसता आरडाओरडा करणारा गडी. तो लुडविकपाशी गेला. "घरी जा, बाबा. आज राहू दे."

"घरी जाऊन काय करू? रेडिओकडे बघत बसू? काम दे मला."

रॉडनी सुतारांकडे वळला. "हा रणगाडा उचला इथून. परत दिसला नाही पाहिजे."

"अहो साहेब, मग डॉक्टर क्रुम्बास जग कशावर चढून जिंकणार?" एका सुतारानं विचारलं.

रॉडनीनं इकडेतिकडे पाहिलं. फाटकापाशी दुपारच्या सुट्टीसाठी आइस्क्रीमची गाडी येऊन थांबली होती. लुडविकनं भाषण तिच्या टपावर उभं राहून केलं. इतकं झकास केलं की आइस्क्रीमवाला टाळ्या वाजवत सुटला. उतरल्यावर मात्र ब्लांकानं त्याला धरून खुर्चीवर बसवलं.

प्रागचा फोन लागत नव्हता. स्टुडिओच्या फोनवर बसणाऱ्या मिसेस टपलो जेवणाची सुट्टीसुद्धा न घेता रोज प्रयत्न करत होत्या. एका दुपारी त्या धावतच माझ्या खोलीत आल्या. "लागला! पळा!"

ब्लांका आधी बोलली आणि रडली. मग तिनं फोन बापाच्या हातात दिला. पलीकडून मिलादाचा आवाज मला दारातूनही ऐकू येत होता. तो फक्त मान हलवत होता, जणू तिला दिसणार होतं.

फोन ठेवल्यावर त्यानं मला सांगितलं. "म्हणाली, नुसता श्वास काय घेतोस, बोल की! वीस वर्षांनी पहिलं वाक्य हे."

"आणि?"

"म्हणाली, पोरीला ठेवून घे. इतकी वर्षं मी सांभाळली, आता तुझी पाळी."

पण ब्लांका ऐकेना. आई एकटी, आजीला दिसत नाही, मी परत जाणार. माझ्या खोलीतच दोघांची जुंपली. भाषा मला येत नव्हती, पण भांडण काय सगळीकडे सारखंच. शेवटी तो शांतपणे काहीतरी बोलला. नंतर कळलं, तो म्हणाला होता, "जायचं असेल तर स्टेशनवर मी पोचवीन. तुला अडवायचा हक्क मी कधीच गमावलाय. पण रहा, असं मला वाटतं."

ब्लांका खिडकीबाहेर बघत राहिली. मग फणकाऱ्यानं एक वाक्य फेकून नाक पुसलं. लुडविकनं चटकन माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असलं हसू मी कधी पाहिलं नव्हतं.

"ऐकलंस? ती म्हणाली, तू फार हट्टी आहेस, बाबा. मला तू म्हणाली!"

ब्लांका राहिली. इथलं नर्सचं काम मिळायला तिला वर्ष लागलं. तोवर ती माझ्या हाताखाली विगांवरून कंगवा फिरवत होती.

पुढच्या वसंतात मिलादाला दोन आठवड्यांची परवानगी मिळाली. व्हिक्टोरिया स्टेशनवर मीही गेले होते, लुडविकनंच हट्टानं नेलं. गाडीतून एक ठेंगणी, तपकिरी कोट घातलेली बाई उतरली. त्याला न ओळखता सरळ पुढे निघाली. ब्लांकानं हाक मारली तेव्हा वळली, त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. मग तिनं त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. तेवढंच. मी तिथूनच मागे फिरले.

दोन आठवड्यांनी ती परत गेली. आंधळ्या आईला टाकून कशी राहणार? त्याच वर्षी तिकडची दारं पुन्हा बंद झाली. पण दर रविवारी लुडविक प्रागचा फोन लावत असे. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. फोनवर तो तावातावानं बोलला, आणि मध्येच लाइन तुटली.

"भांडलात?" मी विचारलं.

"सूपमध्ये जिरं आधी घालायचं की नंतर, यावर." तो खुशीत खुर्चीवर टेकला. "बरं झालं तुटला. आता पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करू."