गव्हावरची पोती

"भात कापलं की त्या पट्ट्यात वाल पेरायचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आमच्या सूनबाईंनी गहू पेरला. समुद्राकाठच्या या वटारात गहू! एका शब्दाने विचारलं नाही मला." कुंपणापलीकडच्या ग्लोरियाला ऐकवत आशालताबाई अंगणात खराटा आपटत होत्या.

"निफाडची ना ती. तिथे पिकतो," ग्लोरिया म्हणाली.

"तिथे दवाचा बर्फ होतो. इथे स्वेटर पेटीतून निघतो तो ऊन दाखवायला."

पण या आठवड्यात वटारही गारठलं होतं. बावखलाच्या, वाडीतल्या गोड्या तळ्याच्या, काठी, गव्हाच्या त्या खोलगट पट्ट्यात, सकाळचं धुकं हलता हलत नव्हतं. यंदा गहू आला नाही तर तिथे केळी लागतील, असं आशालताबाईंच्या मुलाने, जितेंद्रने, बायकोला सांगून टाकलं होतं. आईच्या शब्दाबाहेर तो नव्हता. सुरुचीने नुसती मान हलवली, आणि तेव्हापासून कामाला निघण्याआधी ती रोज बांधावर उभी राहून येई.

आज तिथूनच तिची हाक आली.

"आई! गव्हावर ही पोती कोणी घातली?"

खराटा थांबला. ग्लोरियाच्या भुवया वर गेल्या.

"मी घातली. काल संध्याकाळी," आशालताबाई ओरडल्या. "पानवेलीच्या रोपांना घालतो तशी. काकडून गेला असता तो तुझा गहू."

मग सुरुची हसली. हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले.

"अहो आई, त्याला थंडीच लागते. थंडी मिळाली तर बुडातून नवे फुटवे धरतो. उकडलं की घाईने लोंबी टाकतो आणि दाणा बारीक राहतो. एवढे दिवस मी या गारठ्याचीच वाट बघत होते."

ग्लोरिया फिसकन हसली.

"तू गप गं," म्हणत आशालताबाई पदर खोचून बांधावर गेल्या आणि वाकल्या. पोत्याखालची पाती दबली होती; उघड्यावरची दवात ताठ उभी होती. एका रोपाच्या बुडाशी बोट घालून त्यांनी बराच वेळ चाचपलं. मग एकेक पोतं स्वतःच उचललं, झटकलं, हातावर टाकलं.

"फुटवे आहेत. थोडे आहेत, पण तो तुझा उशीर. इतक्या मागाहून पेरतं का कोणी? पुढच्या साली दिवाळी आटपली की पेर. उगाच आमच्या थंडीला नावं ठेवलेली मला चालायची नाहीत."