बर्डीवरची गाडी

बोरवणे हे कागदोपत्री एकच गाव, पण नाल्यानं त्याचे दोन भाग केलेले. अलीकडे काळ्या जमिनीत जुनं गाव, पलीकडे मुरमाड उंचवट्यावर बर्डी. पूर्वी एका पावसाळ्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा निम्मं गाव उठून बर्डीवर राहायला गेलं. ग्रामपंचायत एकच राहिली. मनं मात्र दोन झाली.

जुन्या गावातले छगन आबा तसे कष्टाळू, शब्दाला पक्के. पण बर्डीचं नाव निघालं की त्यांच्या पोटात दुखायचं. आरोग्य उपकेंद्र आलं, तर ते बर्डीवर. सिमेंटचा रस्ता झाला, तोही बर्डीवर. आबा ओट्यावर बसून नाल्यापलीकडे बघत आणि चहा गार होऊन जाई.

“देखा, बठ्ठं त्यासनाकडेच! आपलाकडे काय शे?” सगळं बर्डीलाच का, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ते विचारत.

त्यात दोंडाईच्याहून एसटी सुरू झाली आणि तीही बर्डीवरच जाऊन थांबू लागली. जुन्या गावातल्या बोळांत गाडी वळायला जागा नव्हती. बर्डीवर शाळेचं पटांगण होतं. गाडी आली त्या सकाळी आबांचा लहानपणीचा सोबती हिलाल यानं बर्डीवर नारळ फोडला. त्यानं प्रसाद पाठवला, तो आबांनी तोंडात टाकला नाही. हिलालच्या अंगणासमोरून एसटी जाते आणि आपण नाला तुडवून तिच्यामागे धावायचं, हे त्यांना सहन होईना.

शेवटी एका सोमवारी आबा कुणाला न सांगता एसटीच्या आगारात गेले. “पटांगणात पोरं खेळतात, साहेब. गाडी तिथंच वळते. एखादं लेकरू चाकाखाली येईल,” असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी माणूस पाठवून जागा पाहिली. तक्रार खोटी नव्हती. खोटं होतं ते तक्रार करणाऱ्याचं मन. वळायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत गाडी गावात येणार नाही, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यावरूनच परत जाईल, असं ठरलं.

बर्डीवरचे लोक फाट्याकडे पायपीट करताना दिसले, तेव्हा आबांना त्या दिवशी दोन घास जास्त गेले!

पण आबांची नात मोहिनी याच गाडीनं दोंडाईच्याला अकरावीला जायची. हिलालची नात चारुलता तिच्या वर्गात, तिच्याच बाकावर. बर्डीवरच्या आणखी काही मुली सोबत असत. फाट्यापर्यंतची वाट कपाशीच्या शेतांमधून, निर्जन. एकेका घरानं मुलीला थांबवलं. सोबत तुटली तशी मोहिनीच्या आईनंही तिला घरी बसवलं. मोहिनी भांडली नाही, रडली नाही. दप्तर खुंटीला अडकवून ती आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली. तिला तसं जाताना पाहून आबा मान वळवत.

आबांची थोरली बहीण सुनंदाबाई बर्डीवर दिलेली. एका दुपारी ती उन्हातून नाला ओलांडून आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, “छगन, आगारमा कसाले गयथा तू?”

“कोन म्हने?”

“मना पोऱ्यानी देखं तुले. खोटं बोलू नको.”

आबा उसळले. “गयथा! मंग? बठ्ठं तुमनाकडेच काबरं?”

सुनंदाबाईनं पदरानं घाम पुसला. आवाज न चढवता ती म्हणाली, “त्यासनी गाडी गयी, मान्य. तुले कोनती भेटनी? आठे मोहिनी घर बठेल शे, तठे चारुलता घर बठेल शे. तिले देखाले परवा पाहुणा येतस. सतरानी पोर शे ती, छगन! कोन जिंकनं मंग?”

आतून मोहिनीचा भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला. तिनं सगळं ऐकलं होतं. ती दारात आली, आजोबांकडे नुसतं पाहिलं आणि परत चुलीकडे गेली. ती नजर आबांच्या काळजात रुतली.

संध्याकाळी आबा हिलालच्या दारात उभे राहिले. “गाडी मी बंद करी,” ते म्हणाले. हिलालचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, “इतकं जळस तू आमनावर? मी बी जळस तुमनावर, छगन! आमना नळनं पानी खारं. गोड पानी तुमनी विहीरले. मनी सून रोज नाला वलांडीसन हंडा आनस, ते तुले कधी दिसनं नही?”

खरंच दिसलं नव्हतं! इतकी वर्षं आबांनी बर्डीकडे पाहिलं होतं ते फक्त तिथं काय आलं हे मोजायला. तिथं काय नाही, हे पाहायला त्यांना सवडच झाली नव्हती.

नाल्याला लागून, रस्त्याच्या कडेला आबांचं खळं होतं. पुढच्या ग्रामसभेत ते उठले. झालेली चूक त्यांनी सगळ्यांसमोर सांगितली. काही माणसं चिडली, एकानं तर तोंडावर शिवी दिली. आबांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, “गाडी वळाले मनं खळं घ्या. ना बर्डीवर, ना जुना गावमा. मधमा.” सगळ्यांच्या आधी हिलालनंच हात वर केला.

दोन्हीकडच्या माणसांनी मिळून मुरूम टाकला. साहेब जागा पाहून गेले आणि गाडी पुन्हा सुरू झाली. हिलालनं पाहुण्यांना “पोर अजून शिकतेय” असा निरोप धाडला. जुन्या विहिरीतून बर्डीवर पाइप टाकावा, हा ठराव आबांनीच मांडला. मोहिनीला मात्र आजोबांशी पहिल्यासारखं बोलायला बराच काळ लागला. तेवढी शिक्षा त्यांनी मुकाट्यानं भोगली.

वाचकहो, शेजारच्या वस्तीत दिवा लागला की आपल्या अंगणात अंधार झाला, असं आपल्यालाही वाटतं. रस्ता, पाणी, दवाखाना, गाडी या सगळ्यांच्या वस्तू आहेत. आपल्याकडे नसेल तर हक्कानं मागा, हट्टानं मागा! पण दुसऱ्याचं बंद पाडून कधी कुणाचं सुरू झालेलं नाही. मत्सरानं गाडी थांबते, तेव्हा खाली आपलीच लेकरं उतरतात.