विंचची सुटी बैठक

अर्जुना होवाळ पंधरा वर्षं फौजेच्या वर्कशॉपात वेल्डर होता. हवालदार होऊन सुटला आणि साताऱ्यात करंज्याच्या रस्त्याला त्यानं पत्र्याचं शेड टाकलं. मागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको विजयमाला राहत. काम भरपूर होतं. लोखंडी गेट, खिडक्यांचे गज, ट्रॉल्यांचे तुटलेले हूक. सकाळी आठला मशीन चालू व्हायची ती दिवस मावळताना बंद व्हायची. तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त कधी जेवता जेवता तो विजयमालाला म्हणायचा, की पलटणीत साहेब कागदावर काढून देतील ते करायचं, इथं गिऱ्हाईक बोटानं दाखवील ते करायचं. आपल्या डोक्यातलं म्हणून अजून काही हातून झालं नाही. ती म्हणायची, होईल, घाई काय आहे.

१९७४ च्या एप्रिलात जालिंदर सूर्यवंशी ट्रक घेऊन शेडसमोर उभा राहिला. हा कवठे महांकाळकडचा. गाडीचा मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. हंगामात फलटणकडं ऊस वाहायचा, हंगाम संपला की मिळेल ते भाडं. त्यानं मागचा फाळका सोडला आणि आतलं एक धूड अर्जुनाला दाखवलं. फौजेच्या भंगाराच्या लिलावातून आणलेलं विंच होतं ते. मध्ये ड्रम, त्यावर गुंडाळलेला तारेचा दोर, दोन्ही अंगांना लांब हँडलं. दोघांनी हँडलं फिरवायची, दोर इंचाइंचानं गुंडाळला जायचा, आणि हात सोडला तरी ओझं मागं यायचं नाही, अशी त्याच्या दात्यांची रचना होती. अर्जुनानं ते पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जुना सोबती भेटल्यासारखं हसू आलं.

जालिंदरचं म्हणणं साधं होतं. उसाच्या फडात गाडी रुतली की बांधावरच्या झाडाला दोर लावून तिनं स्वतःला ओढून काढावं. आणि उन्हाळ्यात कवठ्याकडं विहिरींची कामं निघतात, तिथं तळातले दगड वर काढावेत. त्याच्या थोरल्या बहिणीची, आक्काताईची, विहीर दोन वर्षं अर्धवट पडली होती. दुष्काळात तीस फूट खणली, मग दगड उचलायला माणसं मिळेनात म्हणून काम थांबलं.

"पर कायमचं बसवायचं न्हाई, हवालदार," जालिंदर म्हणाला. "पुढं एवढं वजन घेऊन रोज फिरलो तर स्टेअरिंग ओढवत न्हाई. आन् सकाळी गाडीला हँडल मारायचं भोक बी त्याच्याआड जातंय. लागंल तवा घालायचं, न्हाई तवा काढून ठेवायचं."

अर्जुनानं दोन दिवस मागितले.

पहिली बैठक, म्हणजे विंच ज्यावर बसवायचं तो लोखंडी सांगाडा, त्यानं बंपरवर केली. जाड पट्टीचा पाट, खाली दोन आकडे. आकडे बंपरवर चढवायचे आणि मागून बोल्ट आवळायचे. दिसायला देखणी झाली. जोडावरची खपली हातोडीनं उडवली तेव्हा खालची वेल्डिंग शिवणीसारखी एकसारखी निघाली. जालिंदर तर लगेच घेऊन जायला निघाला होता. पण ओढून पाहिल्याशिवाय द्यायचं नाही, असं अर्जुनानं ठरवलेलं. ट्रकच्या चाकांना दगड लावले, समोरच्या लिंबाच्या झाडाला तारेचा दोर बांधला आणि दोघं दोन हँडलांना लागले. दोर ताठ झाला. आणखी चार फेरे झाले आणि बंपर मधोमध हळूच पुढं वाकला, मग एका बाजूनं उचकटून बाहेर आला.

वेल्डिंगचा एक जोडही सुटला नव्हता. हेच अर्जुनाला जास्त लागलं. हात चुकला असता तर दुसऱ्यांदा नीट जोडता आलं असतं. इथं डोकंच चुकलं होतं. त्यानं बंपर सरळ करून परत बसवून दिला आणि जालिंदरला सांगितलं, की पंधरा दिवसांनी ये, तोवर जमलं तर जमलं.

पुढचे तीन दिवस तो गेटं करत होता, पण मन तिकडंच. कुणी काही विचारलं तर दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. चौथ्या दिवशी दुपारी मोठी वावटळ उठली. धूळ घरात येऊ लागली तसं विजयमालानं मागचं दार लोटलं आणि भिंतीतला अडसर ओढून पलीकडच्या भोकात सारला. वाऱ्यानं दार धडधडत राहिलं, पण हललं नाही. अर्जुना पाण्याचा तांब्या हातात घेऊन तिथंच उभा राहिला. मग त्यानं अडसर मागं सारला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. विजयमालानं विचारलं, काय झालं?

"जोर दार सोसत न्हाई," तो म्हणाला. "भिंत सोसतीया. मी आपला दारालाच विंच बांधत बसलो."

त्यानं तिथंच जमिनीवर कोळशानं आकृती काढली. ट्रकची भिंत म्हणजे तिची चासी, पुढून मागं जाणारे दोन लांब लोखंडी कणे. त्या कण्यांच्या पुढच्या टोकांना दोन चौकोनी पोकळ खोके लावायचे. बैठकीला दोन लांब पाय करायचे, ते अडसरासारखे त्या खोक्यांत सारायचे, आणि वरून आरपार एकेक जाड खीळ सोडायची. खिळी उपसल्या की बैठक बाहेर. चासीला मात्र वेल्डिंग करायचं नाही. तापवली की ती तिथंच पुढं कधीतरी तडकते, हे पलटणीत त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून खोके आपल्या जागी वेल्ड करून घ्यायचे आणि चासीला बोल्टांनी आवळायचे.

काम सहा दिवस चाललं. पाय खोक्यात सैल बसले तर खडखडणार आणि घट्ट बसले तर चिखलात निघणार नाहीत, म्हणून ते त्यानं कानस घेऊन हातानं उतरवले. विजयमाला संध्याकाळी चहा घेऊन यायची आणि त्याच्याकडं बघत उंबऱ्यावर बसायची. एवढा गप्प आणि एवढा खुशीत तिनं त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. जालिंदर आल्यावर खोके चासीला आवळले, बैठक आत सारली आणि पुन्हा लिंबाला दोर लागला. या वेळी चाकाखालचे दगड करकरले आणि ब्रेक लावलेला अख्खा ट्रक एक वीतभर पुढं सरकला. बैठक जागची हलली नाही. जालिंदरनं नुसता खिळीवर हात ठेवला. मग म्हणाला, की आता हवालदारांनी आक्काच्या विहिरीवर आलंच पाहिजे, पहिला दगड तुमच्या हातानं निघू दे.

मेच्या मध्याला ते दोघं कवठ्याकडं निघाले. वस्तीजवळ पोचायला दुपार कलली. गाडीवाटेच्या तोंडाशीच एक माणूस पळत आला. हा धुळा, विहिरीच्या कामावर सुरुंगाची भोकं पाडणारा पाथरवट. आक्काताईची म्हैस सकाळी चरता चरता विहिरीत पडली होती. दहा माणसांनी दोर बांधून ओढून पाहिलं. पाच फूट वर आली आणि दोर पोटावरून सरकून गळ्याशी आला, म्हणून घाबरून परत सोडली. आता ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि तिनं ओरडणंही थांबवलं होतं.

जालिंदरनं गाडी वाटेत घातली, पण शंभर पावलांवर ती थांबवावी लागली. दोन्हीकडं दगडी बांधांच्या ताली आणि मधून फक्त बैलगाडीची वाट. ट्रक विहिरीपर्यंत जाणारच नव्हता. तारेचा दोरही तितका लांब नव्हता. जालिंदर स्टेअरिंगवर हात टाकून बसून राहिला. अर्जुना मात्र खाली उतरला, चालत विहिरीवर गेला, आत डोकावला, काठावरचा उघडा खडक बुटानं घासून पाहिला. मग त्यानं धुळाला विचारलं, की दोन भोकं पाडायला किती वेळ लागेल.

"केवढी?"

"पहार बसंल एवढी. हातभर खोल."

धुळा खडकाकडं बघून म्हणाला, की संगतीला घण मारणारा असला तर तासाभरात दोन्ही.

चौघांनी मिळून खिळी उपसल्या, विंचसकट बैठक खोक्यांतून ओढली आणि वाशाला टांगून विहिरीवर आणली. खडकाची एक पायरी होती, तिच्या कडेवर ती आडवी ठेवली, म्हणजे हँडलं फिरायला खाली जागा राहील. बैठकीच्या पायांत खिळीसाठी जी भोकं होती, त्यांतून धुळानं खडकावर खूण केली आणि छिन्नी लावली. घण मारायला जालिंदर उभा राहिला. तोवर बाकीच्यांनी विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या ओंडक्यांची तिकटी उभी करून वर कप्पी बांधली. तासाऐवजी सव्वा तास लागला. खिळीच्या जागी दोन पहारी आरपार खडकात ठोकल्या. ट्रकशिवायची बैठक ट्रकवर असावी तशी घट्ट बसली.

आता कुणीतरी खाली उतरून म्हशीच्या पोटाखालून पट्टे घ्यायला हवे होते. अर्जुनानं ट्रकची ताडपत्री दुमडून रुंद पट्टे केले होते. फौजेत दरीतल्या गाड्यांना दोर लावायला तोच उतरायचा, हे काम त्याच्या हातचं होतं. तो काठापर्यंत गेला आणि थबकला. खाली पाणी होतं. वस्तीचं तेवढंच पिण्याचं पाणी. त्याचे वडील याच तालुक्यातले. छप्पन साली त्यांनी धम्म घेतला. त्याआधीची वर्षं अर्जुनाला आठवत होती. अशाच एका विहिरीच्या काठापासून लांब उभं राहून, कुणी घागरीत ओतील म्हणून त्याची आई थांबायची. त्यानं मागं वळून आक्काताईकडं पाहिलं. पन्नाशीची बाई, डोईवरचा पदर घट्ट ओढून ती सकाळपासून तिथंच बसलेली. तो कोण, कुठला, हे जालिंदरनं तिला सांगितलं होतं.

"मी उतरतो, आक्का," तो म्हणाला. "पाण्यात उतरावं लागंल."

आक्काताईनं त्याच्याकडं पाहिलं. मग विहिरीकडं पाहिलं.

"उतरा की, दादा," ती म्हणाली. "चंद्री म्हना तिला. नावानं हाक मारली की उभी ऱ्हाती."

तो दोर धरून, खडकाच्या खोबणीत पाय देत उतरला. वरून सगळ्यांना ऐकू येत होतं. एक फौजी माणूस म्हशीशी हळू आवाजात बोलत होता, चंद्री, चंद्री, थांब जरा. त्यानं एक पट्टा पुढच्या पायांच्या मागून घेतला, एक मागच्या पायांच्या पुढून, दोन्ही वर एका हुकात अडकवले आणि हात वर केला.

हँडलांवर जालिंदर आणि धुळा होते. दोर ताठ झाला, तिकटी करकरली, म्हशीचे पाय पाण्यातून सुटले. ती एकदा हिसकली. दोघांनी हात थांबवले, विंचनं तिला होती तिथंच धरून ठेवलं. हिसका नाही, घसरणं नाही. माणसं दमली की थांबायची, दुसरे दोघं यायचे, म्हैस आपली मध्ये लोंबकळत शांत. तीस फूट यायला अर्धा तास गेला. ती काठाच्या वर आल्यावर जालिंदरनं आणवलेला ट्रकचा फाळका तिच्या खाली सरकवला आणि दोर सैल सोडला. चंद्री फाळक्यावर उभी राहिली, पाय थरथरत होते. आक्काताई तिच्या गळ्यात पडली. मग तिनं म्हशीचा प्रत्येक पाय दाबून पाहिला आणि म्हणाली, की एका शिंगाला खरचटलंय, बाकी काही नाही.

अर्जुना वर आला तेव्हा त्याचे कपडे छातीपर्यंत भिजलेले. आक्काताईनं त्याला घरातलं धुवट धोतर दिलं आणि अंगणात सगळ्यांच्या पंगतीत बसवलं. भाकरी, हुलग्याचं माडगं, कांदा. ती स्वतः वाढत होती. एक म्हातारा पंगतीला न बसताच निघून गेला. जालिंदरनं ते पाहिलं आणि अर्जुनानंही. आक्काताईनं मात्र त्या म्हाताऱ्यासाठी मांडलेली थाळी उचलून धुळासमोर ठेवली आणि अर्जुनाला आणखी माडगं घ्या म्हणाली. त्यानं घेतलं. दुपारपासून पोटात काही नव्हतं, आणि माडगं चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीतला पहिला दगड निघाला. अर्जुना आणखी चार दिवस राहिला. काम चालू असताना तो बैठकीजवळ उकिडवा बसून तिचे पाय बघायचा. पायांची भोकं वीतभर पुढं घेतली असती तर खडकावर ती आणखी नीट बसली असती, आणि हँडलं दीड हात लांब हवी होती, म्हणजे ओढ कमी लागली असती. धुळाला त्यानं हे सगळं समजावून सांगितलं. धुळाला लोखंडातलं फारसं कळत नव्हतं, पण त्यानं आपल्या छिन्नीला पाणी कसं द्यावं हे विचारून घेतलं, आणि दोघांचं त्यावरच निम्मा दिवस बोलणं झालं.

साताऱ्याला परतल्यावर त्यानं विजयमालाला सगळं सांगितलं. विहिरीचं, पाण्याचं, पंगतीचं. ती ऐकत राहिली. शेवटी तिनं विचारलं, दुसरी बैठक करायला किती लोखंड लागेल? फलटणचा एक ट्रकवाला सकाळी येऊन विचारून गेला होता, त्याला जालिंदरनंच कवठ्याला जाताना वाटेत सांगितलं होतं. अर्जुनानं हात धुतले, कोळशाचा तुकडा शोधला आणि पायांची लांबी वीतभर वाढवून जमिनीवर नवी आकृती काढायला बसला.