क्लोटीलच्या घरचे बेक

क्लोटील जोसेफचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला तेव्हा तिची नणंद अर्नेस्टीन पहिल्याच दिवशी धावत भेटायला आली. पेरूचा जॅम आणला, पाठीमागची उशी सारखी केली, पोटभर चुकचुकली. शेजारीण कुंपणावरून हात घालून झाडावरचा झबोका, म्हणजे अ‍ॅव्होकाडो, तोडेल या भीतीने क्लोटील स्टुलावर चढली होती आणि स्टूल कलंडलं होतं, ही हकीकत तिने दोनदा ऐकून घेतली. मग हळूच मुद्द्यावर आली. आता रविवारचा नाश्ता माझ्याकडेच करू या, म्हणाली. ट्रिनसिटीचं नवं घर मोठं आहे, टेबल ऐसपैस आहे, आणि तुलाही या वयात शेगडीशी उभं राहणं नको. 'या वयात' हे शब्द तिने अशा सुरात म्हटले, की जणू तिचा स्वतःचा बाप्तिस्मा परवाच झाला होता.

पण तो नाश्ता म्हणजे नुसतं खाणं नव्हतं. चर्च सुटलं की जोसेफांचा सगळा गोतावळा अरिमा गावात क्लोटीलच्या घरी यायचा. नवरा होता तेव्हा यायचा आणि तो गेल्यावरही येत राहिला. खारा मासा कांदा-टोमॅटो-मिरचीत कालवून केलेलं बुलजोल, झबोकाच्या लोण्यासारख्या फोडी, जायफळ घातलेला गरम कोको आणि मधोमध टोपलीभर बेक. नाव बेक असलं तरी या पदार्थाने भट्टीचं तोंड पाहिलेलं नसतं. मैदा मळायचा, लाटायचा, तापल्या तेलात सोडायचा, टम्म फुगला की काढायचा आणि पोट फाडून आत बुलजोल भरायचं. कोणाचं लग्न जमतंय, कोणाची नोकरी गेली, कोण कोणाशी बोलत नाही आणि कधीपासून बोलायचं, हे सगळं त्या टेबलावर ठरत असे. टेबल ट्रिनसिटीला गेलं असतं तर क्लोटील उरली असती एक म्हातारी, जिला रविवारी गाडीत घालून न्यायचं आणि ऊन उतरायच्या आत परत आणून सोडायचं. हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि मोडलेल्या हाडापेक्षा तेच जास्त ठणकत होतं.

म्हणून ती म्हणाली, नाश्ता इथेच होईल. रोशेल करील.

रोशेल ही तिची सून. मुलगा कर्विन कामाला म्हणून शेजारच्या बार्बाडोस बेटावर गेला आणि येताना हिला घेऊन आला. पोरगी कामाची होती, हसतमुख होती, तक्रार करावी असं काही सापडत नव्हतं आणि हीच क्लोटीलची मोठी पंचाईत होती. दोघी एकमेकींशी इतक्या अदबीने वागत, की घरात पाहुणी नक्की कोण असा प्रश्न पडावा.

शनिवारी संध्याकाळी क्लोटीलने आडून आडून चौकशी केली. बेक येतात ना तुला, की मी बाजूला बसून सांगू?

"मिस क्लोटील, बेक खाऊनच मोठी झाले मी," रोशेल म्हणाली. आवाज गोड होता, पण मान जरा ताठ झाली होती. "तुम्ही निवांत चर्चला जा. तोंडात विरघळतील असे करते."

इथे क्लोटीलच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. बेक तोंडात विरघळत नाही. तो दाताखाली धरायचा, ओढायचा आणि मग गिळायचा. पण सुनेची मान ताठ झाल्यावर सासूची मान कशी वाकणार? बरं, म्हणाली, आणि झोपायला गेली.

रविवारी चर्चमध्ये तिचं प्रवचनाकडे लक्षच नव्हतं. पाद्री दयेबद्दल बोलत होते आणि ती देवाला विनवत होती, की बाबा, पापांचं आपण नंतर बघू, आज तेवढे बेक फुगू देत. दोन बाकं पुढे अर्नेस्टीनची निळी टोपी डोलत होती. तीही काहीतरी मागत होती आणि ते काय असेल हे ओळखायला देवाची गरज नव्हती.

घरी आल्याबरोबर अर्नेस्टीन थेट टेबलाशी गेली. हात धुवायच्याही आधी तिने टोपलीवरचं फडकं उचललं आणि मागे आलेली सगळी मंडळी जागच्या जागी थांबली.

टोपलीत लहान लहान, वेडेवाकडे, तपकिरी गोळे होते. पातळ पिठाचे, चमच्याने तेलात सोडलेले, थेट गुलगुल्यांसारखे. जायफळाचा आणि साखरेचा वास घरभर दरवळत होता. त्यांना ना फुगलेलं पोट, ना बुलजोल भरायला जागा.

"हे काय आहे?" अर्नेस्टीनने विचारलं.

"बेक," रोशेल म्हणाली.

बिचारीचं काही खोटं नव्हतं. बार्बाडोसमध्ये बेक म्हणतात ते यालाच. एका समुद्रातल्या दोन बेटांनी एकच नाव दोन पदार्थांना देऊन ठेवलं होतं आणि आदल्या संध्याकाळी दोन मानी बायकांना साधा एक प्रश्न जास्तीचा विचारवला नव्हता.

अर्नेस्टीन आधी हसली. मग तिने एक गोळा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. पीठ मळायचा इतका कंटाळा मी जन्मात पाहिला नाही, म्हणाली. मग क्लोटीलकडे वळून तिने आवाज एकदम मऊ केला. "तरी मी सांगत होते ना. पुढच्या रविवारपासून माझ्याकडे. पोरीवर कशाला उगाच भार?"

क्लोटीलच्या अंगाचा तिळपापड झाला होता. निम्मा राग नणंदेवर होता आणि निम्मा सुनेवर. दोघीच घरात असत्या तर तिने सुनेची अशी हजेरी घेतली असती, की पलीकडे बार्बाडोसपर्यंत ऐकू गेलं असतं. पण रोशेल तिथेच उभी होती, पाठ सरळ, चेहरा सरळ. हातातलं फडकं मात्र घडीवर घडी घालून लहान करत चालली होती. कर्विन तोंड उघडणार इतक्यात क्लोटील खुर्चीत बसली आणि प्लास्टरचा हात तिने टेबलावर धाडकन ठेवला.

"मीच सांगितलं होतं तिला असे करायला," ती म्हणाली. "या घरात आजपासून हेही बेक."

रोशेलच्या हातातली घडी थांबली.

अर्नेस्टीन काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. अस्सं, म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. मग या तुझ्या बेकमध्ये घातलंस काय काय, ते तरी कळू दे. क्लोटीलने खोल श्वास घेतला आणि वासावरून सांगितलं, जायफळ. आणखी? साखर. आणखी? मैदा, अर्थात. अंडं घालतेस का? इथे क्लोटील अडकली. तिने अजून तो पदार्थ जिभेला लावलेलाही नव्हता. नणंदेच्या पाठीमागे रोशेलने अगदी बारीक मान हलवली, नाही म्हणून.

"अंडं कशाला?" क्लोटीलने फणकाऱ्याने विचारलं. "आणि सगळं आत्ताच सांगून टाकलं तर पुढच्या रविवारी इथे कशाला येशील?"

मंडळी हसली आणि हातोहात टोपली फिरली. क्लोटीलनेही एक तोंडात टाकला. कडेला कुरकुरीत, आत मऊ, आणि मेला खरोखरच विरघळला. तिला याचाही थोडा राग आला. पोरांनी तर बुलजोल बाजूला सारून नुसते गोळेच मटकवायला घेतले. कर्विनने दोन गोळ्यांच्या मध्ये मासा दाबून खाऊन पाहिला आणि गोड-तिखट एकत्र बरं लागतं असा निकाल दिला.

अर्नेस्टीनचा नवरा कार्लटन जेवताना बोलत नसे, आणि एरवी अर्नेस्टीन बोलत असे. त्यामुळे त्याचा आवाज कसा आहे हे भाचरांना नीट माहीत नव्हतं. त्याने पाचवा की सहावा गोळा उचलला, बोटांची साखर चाटली आणि बायकोला विचारलं, पुढच्या रविवारी आपल्याकडे हे असतील का?

"आपल्याकडे खरे बेक असतील," अर्नेस्टीन म्हणाली.

कार्लटनने थोडा विचार केला. "मग तू कर," तो अगदी शांतपणे म्हणाला, "मी इथे येईन."

अर्नेस्टीनने कोको ढवळला, फार गोड झालाय म्हणाली आणि दुसरा कप मागितला. ट्रिनसिटीच्या टेबलाचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

सगळे गेल्यावर रोशेल भांडी घासत होती. क्लोटील दारात येऊन उभी राहिली.

"तुम्हाला माझ्यामुळे खोटं बोलावं लागलं," रोशेल पाठमोरीच म्हणाली.

"खोटं कसलं? घर माझं, मी म्हणेन ते बेक. पण आपल्या दोघींत म्हणून सांगते, ते बेक नव्हेत. बेक म्हणजे फुगलेला, तळहाताएवढा."

रोशेलने नळ बंद केला. वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाजात अदब औषधालाही नव्हती. "ते तुमचं. आमच्याकडे कुणी ती फुगलेली चकती बेक म्हणून वाढली असती ना, तर माझ्या आईने पोट धरून हसायला सुरुवात केली असती."

लग्नानंतर पोरगी पहिल्यांदाच उलटून बोलली होती. क्लोटीलला इतकं बरं वाटलं, की तिला आधी आपलंच आश्चर्य वाटलं. इतके दिवस ही मिस क्लोटील, मिस क्लोटील करत घरात चवड्यांवर चालत होती, आणि आपणही तिला तसंच चालू दिलं होतं. तिला त्याचं वाईट वाटलं आणि तिने ते बोलूनही दाखवलं. मग नाक पुसून ती टेबलाशी बसली.

अर्नेस्टीन स्वस्थ बसणार नाही, ती म्हणाली, दोन दिवसांत कृती विचारायला फोन करील. तेव्हा माझी कृती मला नीट शिकव, पहिल्यापासून. आणि नंतर मी तुला मळून, लाटून करायचे ते शिकवते. रविवारी दोन्ही मांडू.

रोशेलने मैद्याचा डबा आणला. "मैदा दोन मुठी."

"कुणाच्या मुठी?"

"माझ्या आईच्या."

"ती तर तिकडे बार्बाडोसला," क्लोटील म्हणाली आणि आपला डावा हात पुढे केला. "हिच्यात घाल."

रोशेलने त्या सुरकुतलेल्या हातात मैदा घातला. तो बोटांतून सांडायला लागला, तशी तिने खालून आपला हात लावला.

"तुमची मूठ लहान आहे," ती म्हणाली. "तीन घ्याव्या लागतील."

"मग तीन," क्लोटील म्हणाली. "आपल्या घरचे बेक तीन मुठींचे."