अर्ध्या पाकिटाचं नाव

मित्रांनो, मी गोळ्यांचं एक जुनं, अर्धं कापलेलं पाकीट आहे. माझं नाव दुसऱ्या अर्ध्यावर राहिलं.

खरं तर मी रक्तदाबाचं औषध. पण बाईच्या अंगातल्या ज्या हार्मोनमुळे चेहरा तेलकट होऊन पुटकुळ्या उठतात, त्यालाही माझ्या गोळ्या अडवतात. मग पाळीही पुढंमागं होऊ शकते. बाळ हवं असेल तर मला हातही लावायचा नसतो. गोडादरा वस्तीतल्या जागृतीला चेहऱ्यासाठी मला लिहून देताना डॉक्टरांनी हे बजावलं होतं.

जागृतीनं ते शेजारच्या शीतलला सांगितलं नाही. दोघी घरी बसून साड्यांचे धागे कापायच्या. शीतलला बघायला येणार होते आणि गाल पुटकुळ्यांनी भरलेला. "घे गं, चेहऱ्याचीच तर गोळी," म्हणत जागृतीनं धाग्याच्या कात्रीनं पाकीट अर्धं केलं. पुढं दर खेपेला तेच. त्या अर्ध्यांतलं मी शेवटचं.

गाल साफ झाला, लग्न झालं. नवागामला सासरीही माझ्यासारखी अर्धी पाकिटं एकामागून एक बांगड्यांच्या डब्यात लपली आणि शीतल रोज गोळी घेत राहिली.

पाळी चुकली. सासूबाई रंभाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. तपासणीत काहीच निघालं नाही. पुन्हा चुकली, पुन्हा काही नाही.

"तोंडच तेवढं धड दिलं माहेरानं," रंभाबाई म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोई दवा चालू है?"

शीतलला पेच पडला. सांगावं तर फसवून लग्न केलं म्हणतील. न सांगावं तर वांझ ठरवतील. शेवटी तिनं मला टेबलावर ठेवलं.

"तुले हाई कोनी दिनं?" रंभाबाई कडाडल्या.

"तुम्हाला गुळगुळीत गाल पाहिजे होता ना, आई?"

डॉक्टरीणबाईंनी मला उलटंपालटं केलं. नाव नाही. शीतलनं जागृतीला फोन लावला, जागृतीनं आपल्या अर्ध्यावरचं नाव वाचलं.

"आज से बंद. दो-तीन महिने देखेंगे," त्या म्हणाल्या. मग रंभाबाईंकडे वळल्या, "और लड़की को बांझ मत बोलना."

शीतलला पाळी आली. हनुवटीवर पुटकुळीही आली. रंभाबाईंनी ती पाहिली आणि भाकरी थापत राहिल्या.

मी आता कचऱ्यात आहे, थकलोय. मित्रांनो, मला कापून वाटू नका. नाव माहीत नसलेली गोळी गिळू नका. आणि मुलगी बघायला गेलात, तर तिच्या गालाची तपासणी करू नका. तुमच्या त्या तपासणीपायीच ती मला गिळते.