हाडाला जाग

डॉक्टरीणबाईंनी नडगीवर थंडगार जेल चोपडलं, यंत्राचं गोल तोंड त्यावर टेकवलं आणि विचारलं, "सुरू करू?"

आम्रपालीनं मान हलवली. कमरेखाली बधिर केलं होतं, तरी तिनं टेबलाची कड धरलीच. टक्, टक्, टक्. मार कुठंच दिसत नव्हता. नुसतं जेल थरथरत होतं.

"मुतखडा फोडायचं मशीन हेच का ओ?" तिच्या लेकीला खांद्यावर झोपवून दाराशी उभ्या असलेल्या सासऱ्यांनी, धोंडिरामांनी, विचारलं.

"त्याच जातीचं."

"मग दगुड फोडणारं हाड कसं जोडंल?"

धोंडिरामांनी चाळीस वर्षं वडूजच्या माळावर विहिरींना सुरुंग लावले होते. त्यांना फोडण्यातलं सगळं कळे.

"दहा महिने झाले, हाड जुळायचं विसरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या लाटा त्याला आतून डिवचतात, आत्ताच मोडल्यासारखं. मग तिथं नवं रक्त धावतं. पण सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. नाही आला, तर पुन्हा ऑपरेशन."

"मामा, समताला बाहेर न्या ना. आवाजानं उठेल," आम्रपाली सासऱ्यांना म्हणाली.

"सुरुंगवाल्याची नात हाय ती. ह्या टकटकीनं उठती व्हय?"

समता चार महिन्यांची असताना आम्रपालीची स्कूटी घसरली होती. तेव्हापासून तिनं मुलीला उभ्यानं उचललं नव्हतं. लेकीचं रांगणं, धरून उभं राहणं, सगळं तिनं बसल्या जागेवरून पाहिलं.

चार महिन्यांनी ते पुन्हा साताऱ्याला आले. आधीच्या एक्स-रेमधली काळी रेघ आम्रपालीला पाठ होती. आजच्या एक्स-रेत त्या रेघेवर पांढुरकं काही आलं होतं, दुधावर साय धरावी तसं. ती जेवत होती, भांडत होती, झोपत होती, आणि तिला न सांगता आत हे चाललं होतं. ती पापणी न हलवता बघत राहिली.

मामांनी टोपी काढून हातात घेतली.

"पोरी, हे तुजंच हाड?"

तिनं डॉक्टरीणबाईंकडं वळून विचारलं, "वजन किती टाकू?"

"सगळं."

कुबड्या भिंतीला लावून ती उभी राहिली. हात पसरले. "ये, समू."

समता दुडदुडत निम्म्यात आली. मान वर करून तिनं आईकडं पाहिलं, मग फतकल मारून फरशीवर बसली आणि शेजारची जागा थापटू लागली. आईची मांडी खालीच असते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

मामा तिला उचलायला वाकले.

"राहू द्या, मामा."

आम्रपाली हळूहळू खाली बसली. लेकीला पोटाशी घेतलं. केवढी जड झाली होती! मग कशाचाही आधार न घेता, श्वास रोखून, ती उठली.

समतानं दूर गेलेल्या फरशीकडं एकदा पाहिलं, आणि आईचे केस दोन्ही मुठींत गच्च धरले.